थॉकशेठ

ऑफिसात नवीन आलेला माणूस आधी वाय-फायचा पासवर्ड विचारतो, मग चहा किती वाजता येतो ते विचारतो. थॉकशेठ जातीचा माणूस काहीच विचारत नाही. तो तुमच्या टेबलाशी येतो, परवानगी न घेता तुमचा स्पेसबार दोनदा दाबतो, मान जराशी तिरकी करून ऐकतो आणि 'हं' म्हणतो. त्या 'हं'नंतर आपल्या कीबोर्डाच्या घरच्यांना कळवून टाकावं, असं उगाचच वाटायला लागतं.

हिंजवडी, बाणेर, ऐरोली, जिथे म्हणून चार माणसं संगणकापुढे बसून पोट भरतात, तिथे या जातीचा एक तरी नग असतोच. आमच्याकडच्या नगाला थॉकशेठ हे नाव ऑफिसातल्या पोरांनी दिलं. मॅकॅनिकल कीबोर्डाचं बटण तळाला टेकताना जो भरीव, खोल आवाज येतो त्याला या पंथात 'थॉक' म्हणतात. पातळ, कोरडा आवाज आला तर तो 'क्लॅक', आणि क्लॅकवाल्यांशी रोटीबेटी व्यवहार होत नाही. वय पस्तिशीच्या आसपास, चष्मा, नखं अगदी बारीक कापलेली, कारण वाढलेलं नख कीकॅपवर, म्हणजे बटणाच्या टोपीवर, वाजतं, आणि अंगावर दोन सॅक. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप. पोटावरच्या सॅकमध्ये त्या लॅपटॉपला देवाने जे दिलं नाही ते.

त्याचा शोध एका ओळीत सांगता येतो. त्याला आवाज न करणारा, आटोपशीर, कुठेही नेता येईल असा मॅकॅनिकल कीबोर्ड हवा आहे. या ओळीत चार अटी आहेत आणि चौघींचं एकमेकींशी पटत नाही. मॅकॅनिकल म्हटला की वाजणार. आटोपशीर म्हटला की बटणं जाणार. न्यायचा म्हटला की हलका हवा, आणि हलका म्हटला की आतून पोकळ, म्हणजे पुन्हा वाजणार. व्यवहारी माणूस यातली एखादी अट सोडून देतो आणि संध्याकाळच्या आत खरेदी उरकतो. थॉकशेठ चारही अटी धरून बसला आहे. मला तो आवडतो तो तेवढ्यासाठीच.

शांततेच्या या उपासनेची सुरुवात अर्थातच गोंगाटाने झाली. लॉकडाउनमध्ये कुणी कॉफी घोटत होतं, कुणी कुंडीत कोथिंबीर लावत होतं. थॉकशेठने निळ्या स्विचचा कीबोर्ड घेतला. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराची एकच चादर असते. मॅकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच आणि त्यात स्वतःची स्प्रिंग. चेरी या जर्मन कंपनीने आपल्या एमएक्स स्विचांना रंग दिले आणि पुढे तीच साऱ्या जगाची रीत झाली. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, लिनिअर. तपकिरी म्हणजे वाटेत बोटाला हलका उंचवटा लागणारा, टॅक्टाइल. निळा म्हणजे उंचवटा लागून वर 'टिक' करणारा. निळ्याची ही टिकटिक काही बिघाड नव्हे. आतल्या दांड्यावर एक सुटा तुकडा खास तेवढ्याचसाठी बसवलेला असतो.

सकाळच्या कॉलवर थॉकशेठ मुद्दे लिहून घ्यायला लागला की मॅनेजर बोलता बोलता थांबायचे आणि विचारायचे, "कुणाच्या घरी फरशी बसवताहेत का?" रात्री भिंतीपलीकडचे शेजारी दार वाजवून गेले. हे शेजारी सोसायटीचे सेक्रेटरीही होते. "रात्रीची कसली खटखट चालते हो तुमच्याकडे?" थॉकशेठने त्यांना प्रेमाने आत बोलावलं आणि चार प्रकारचे स्विच दाबून बघायला दिले. काकांना ते दाबायचे नव्हते. दोन दिवसांनी जिन्याखालच्या फलकावर सूचना लागली: 'रात्री दहानंतर घरात यंत्रे चालवू नयेत.' घरातही वातावरण तंग होतं. धाकटी लेक कुकरच्या शिटीने उठत नसे, पण एंटरने उठे. बायको काही बोलली नाही. तिने फक्त तो कीबोर्ड उचलून माळ्यावर दिवाळीच्या डब्यांमागे ठेवला. त्या दिवशी थॉकशेठ शांतिमार्गाला लागला.

आवाज घालवायचा तर आधी तो येतो कुठून ते शोधायला हवं, आणि इथे त्याचं निदान खरोखर पक्कं आहे. बटण तळाला आपटतं तो पहिला आवाज. सोडल्यावर वर येऊन आपटतं तो दुसरा. हा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब बटणांना दोन्ही टोकांनी सावरून धरणारी तार असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात, ती खुळखुळते तो तिसरा. आणि हे तिन्ही आवाज कीबोर्डाच्या रिकाम्या पोटात घुमतात तो चौथा. सायलेंट स्विचच्या दांड्याला वरखाली मऊ गाद्या लावून पहिले दोन मारलेले असतात. चेरीने असे सायलेंट लाल आणि सायलेंट काळे स्विच आणले. एमएक्सच्या मूळ पेटंटची मुदत त्याआधीच संपली होती. त्यामुळे चिनी कारखान्यांनीही या गल्लीत भराभर दुकानं मांडली आणि थॉकशेठच्या उरलेल्या आयुष्याची सोय झाली.

पण गादी आली की नवी तक्रार आली. साध्या लाल स्विचचा प्रवास चार मिलिमीटर, सायलेंटचा ३.७. मधले हे ०.३ मिलिमीटर थॉकशेठच्या बोटाला कळतात. महिनाअखेरीला खात्यात किती उरलेत ते कळत नाही, हे कळतात. "तळाशी चिखल लागतो," असं तो तोंड वाकडं करून सांगतो. त्याला आवाज नको, पण आवाज झाला असता तर जो आनंद झाला असता तो हवा.

या विद्येतलं एक ज्ञान तो फुकट वाटतो आणि ते अगदी खरं आहे. चार मिलिमीटरच्या वाटेवर दोन मिलिमीटरवरच अक्षर उमटतं. तळ गाठायची गरजच नसते. हलक्या हाताने टाइप करणाऱ्याचा कुठलाही कीबोर्ड, एक पैसा खर्च न करता, बऱ्यापैकी शांत होतो. हे तो ऑफिसात प्रत्येकाला समजावून सांगतो, जागेवर जातो आणि एंटर असा हाणतो की शेजारच्या कपातल्या चहाला लाटा येतात.

रविवार हा ल्यूबचा वार. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, अडुसष्ट स्विच उघडायचे, अडुसष्ट स्प्रिंगा काढायच्या, बारीक कुंचल्याने क्रायटॉक्स नावाचं ग्रीस आतल्या घासणाऱ्या कडांना लावायचं आणि सगळं पुन्हा मिटवायचं. कमी लागलं तर खरखर राहते, जास्त लागलं तर बटण जडावतं, म्हणून श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. आई पानं घ्यायला येते आणि पदर सावरत मागे सरते. आलेल्या पाहुण्यांना ती हळूच सांगते, "तिकडे हात लावू नका, त्याचं सोवळ्यातलं चाललंय."

स्टॅबिलायझर गप्प करायला या पंथात एक जुना तोडगा आहे. जिथे स्टॅबिलायझर सर्किटच्या पाटीवर आपटतो तिथे जखमेवर लावायची चिकटपट्टी लावायची. सर्किटच्या पाठीला रंगाऱ्यांची कागदी टेप लावायची, पोटात फोम भरायचा. परवा लेक सायकलवरून पडून गुडघा फोडून घेऊन आली. औषधांच्या डब्यात पट्टी नव्हती.

"अरे, पट्ट्या संपल्या कशा? मागच्या महिन्यातच पाकीट आणलं होतं ना?" बायकोने विचारलं.

"स्पेसबारखाली आहेत."

"काढ."

"आता काढल्या तर खुळखुळेल गं."

त्यानंतर जे खुळखुळलं ते कीबोर्डाचं नव्हतं.

या घरात थॉकशेठच्या विद्येचे खरे परीक्षक म्हणजे त्याचे बाबा. जिल्हा परिषदेतून निवृत्त. तरुणपणी टायपिंगच्या क्लासला जाऊन इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस शब्दांची सरकारी परीक्षा पास झालेले. दोन्ही परीक्षा गोदरेजच्या मशिनवर दिल्या, हे ते अजून मान ताठ करून सांगतात. गोदरेजने आपला, म्हणजे भारतीय बनावटीचा पहिला, टाइपरायटर १९५५ साली काढला. ते मशीन उचलायला दोन हात आणि एक शिपाई लागायचा. अशा माणसाला मुलगा रविवारभर काय करतो ते समजावून सांगणं सोपं नव्हतं.

"ओळ संपत आली की आमच्या मशिनची घंटी वाजायची," बाबा म्हणाले. "आवाज होता म्हणून कळायचं कुठवर आलोय ते. दहा जण एकदम टाइप करायला लागले की साहेब केबिनमधूनच ओळखायचे, आज काम चाललंय. तुझ्या याला आवाजच नाही. तू काम करतोयस हे साहेबाला कळणार कसं?"

"बाबा, साहेब घरून काम करतात."

"मग तुला तरी कळतं का?"

थॉकशेठने विषय बदलून त्यांना दोन स्विच दाखवले, दोन्हींवर बोट आपटून फरक ऐकवला, पुन्हा ऐकवला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंडईत माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं तू प्रत्येक बटणाला मारत बसतोस. माठ निदान नंतर पाणी गार करतो."

आता एक घरगुती गुपित. बाबा कीबोर्डाकडे न बघता दहाही बोटांनी टाइप करतात. थॉकशेठ चार बोटांनी करतो, तीही बघून.

आवाजाखालोखाल छळ आहे तो आकाराचा. पूर्ण कीबोर्डाला १०४ बटणं. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन काढला की ८७. मधल्या फटी बुजवून सगळी वस्ती एकत्र आणली की ८४ च्या आसपास, याला म्हणायचं ७५ टक्के. वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह ही ओळ काढली की ६८ च्या आसपास, ते ६५ टक्के. बाणही गेले की ६१, ते ६० टक्के. आकड्यांची ओळसुद्धा गेली की पन्नासाच्या आत, ते ४० टक्के. या शेवटच्या पायरीवर थॉकशेठ काही दिवस राहून आला. त्या दिवसांत त्याचा चेहरा वानप्रस्थाश्रमात गेल्यासारखा तेजःपुंज दिसायचा आणि ईमेलमधल्या तारखा चुकायच्या.

यात एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. कीबोर्ड लहान होतो, बटणं नाही. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर, हे माप साठ टक्क्यांतही तेच राहतं, म्हणून बोटांची सवय मोडत नाही. गेलेली बटणं उरलेल्यांच्या पोटात जाऊन राहतात आणि 'फंक्शन' दाबून धरलं की बाहेर येतात. कुठलं कुणाच्या पोटात आहे हे फक्त मालकाला माहीत असतं. त्यात थॉकशेठच्या कीकॅप कोऱ्या. अक्षरं छापलेल्या कीकॅप तो नवशिक्यांच्या मानतो. एकदा बायको घाईघाईने त्यावर वीजबिल भरायला बसली.

"अरे, डिलीट कुठाय?"

"डावीकडचं फंक्शन दाबून धर आणि बॅकस्पेस."

"डावीकडचं कुठलं? सगळी सारखीच आहेत!"

"शेवटून दुसरं. नाही, ते नाही, त्याने थर बदलतो. आता तू तिसऱ्या थरात आहेस."

"मला पहिल्या मजल्यावर आण आणि बिल तू भर," असं म्हणून ती उठली.

मराठीची तर निराळीच गंमत झाली. मराठी भाषा गौरव दिनाला ऑफिसात फलक लावायचा होता आणि थॉकशेठ तेव्हा चाळीस टक्क्यांवर होता. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट पद्धतीत ज्ञ, त्र, क्ष, श्र ही जोडाक्षरं एका फटक्यात देणारी बटणं नेमकी आकड्यांच्या ओळीत, शिफ्टबरोबर असतात. ती ओळच गेलेली. इकडे त्याची मुळाक्षरं शेवटाकडून झिजत चाललेली, आणि फलकाची सुरुवात 'सर्व मित्रांना', शेवट 'ज्ञानभाषा'. हलन्त देऊन अक्षरं जोडता येतात, पण ते कळेपर्यंत जेवणाची सुट्टी संपली. शेवटी पोरांनी फलक हाताने लिहिला. अक्षर सुरेख आलं आणि आवाजही झाला नाही.

लहान कीबोर्डाच्या समर्थनार्थ त्याच्याकडे एक पुराणकथा आहे, आणि ती सांगताना तो गंभीर होतो. टोकियो विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ एइइती वादा यांच्या कल्पनेतून १९९६ साली जपानच्या पीएफयू कंपनीने 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' काढला. साठ बटणं, बाण नाहीत, आणि कंट्रोलचं बटण ए-च्या शेजारी, जिथे बाकी जगाचं कॅप्स लॉक असतं तिथे. वादांचं म्हणणं असं की, अमेरिकेतले गुराखी घोडा मेला तर त्याला तिथेच सोडून देत, पण खोगीर खांद्यावर टाकून वाळवंट तुडवत. घोडा संपणारा, खोगीर अंगवळणी पडलेलं. संगणक म्हणजे घोडा आणि कीबोर्ड म्हणजे खोगीर. कथा मोलाची आहे, तिच्यात दम आहे. मात्र त्या गुराख्यांकडे खोगीर एकच असे, हे थॉकशेठला कुणी सांगत नाही. त्याच्या कपाटात सात खोगिरं आहेत आणि घोडा कंपनीचा आहे.

राहता राहिली प्रवासाची अट. कीबोर्डाचं वजन हा पंथातला नाजूक विषय. घुमू नये, घसरू नये म्हणून शौकीन मंडळी ॲल्युमिनियमचा देह घेतात, आणि मग हातभर लांबीचासुद्धा नसलेला कीबोर्ड दीड किलोच्या पुढे जातो. थॉकशेठचा पहिला 'प्रवासी' कीबोर्ड असा होता. त्याच्यापुढे लॅपटॉप हलका वाटायचा. नंतर तो प्लॅस्टिकच्या देहावर आला, मग बुटक्या स्विचांवर, ज्यांचा प्रवासही कमी आणि उंचीही कमी. कीबोर्ड अर्ध्या किलोच्या आसपास आला तेव्हा त्याने पेढे वाटले. पण त्याला कड्या असलेली कडक पेटी हवी, मनगट टेकायला लाकडी पट्टी हवी, गुंडाळीची वायर हवी, बॅटरी उतरली तर दुसरी वायर हवी, ब्लूटूथने दगा दिला तर डोंगल हवं, कीकॅप उपसायचा चिमटा हवा आणि वाटेत कुणी जिज्ञासू भेटला तर दाखवायला निरनिराळे स्विच बसवलेली पाटी हवी. पोटावरच्या सॅकचा जन्म असा झाला.

एकदा मुंबईच्या कामाला आम्ही दोघं डेक्कन क्वीनने निघालो. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी वर्षानुवर्षं पुण्याच्या नोकरदारांना मुंबईला नेते आहे, आणि तिच्यातल्या पासवाल्यांनी आजवर काय काय पाहिलं नसेल. तरी आमच्या समोरच्या काकांनी पेपर खाली केला. थॉकशेठने ट्रे उघडला. लॅपटॉप ठेवला. कीबोर्डाला जागा उरली नाही, म्हणून तो लॅपटॉपच्या मूळ बटणांवरच आडवा ठेवला. खालची बटणं दाबली जाऊन स्क्रीनवर सगळीकडे एकच अक्षर धावायला लागलं, म्हणून खालच्या कीबोर्डाची सोय बंद केली. मनगटाची पट्टी मांडीवर घेतली. मग माझ्याकडे विजयी मुद्रेने बघून हळूच कुजबुजला, "ऐक."

मी ऐकलं. गाडी घाटात होती. चाकं वाजत होती, बोगदे घुमत होते, मागच्या सीटवर दोघं शेअर बाजारावर भांडत होते आणि 'कटलेऽऽट' म्हणत एक जण डोक्यावरून ट्रे नेत होता.

"काय ऐकू?" मी ओरडून विचारलं.

"काहीच ऐकू येत नाही ना? तेच!"

समोरच्या काकांनी मोठ्या आदराने विचारलं, "आपण लेखक का?" थॉकशेठने नम्रपणे मान हलवली आणि काकांना स्विचची पाटी दिली. कर्जत गेलं, कल्याण गेलं. दादर येईपर्यंत काकांना लिनिअर आणि टॅक्टाइल यांतला फरक पाठ झाला होता, आणि थॉकशेठने त्या संपूर्ण प्रवासात टाइप केलं होतं: 'ओके, नोटेड.'

या जातीला सल्ला विचारू नये. विचारलाच तर पहिलं वाक्य ऐकून पळावं. आमच्या टीममधली एक नवी मुलगी नोकरी सांभाळून अभ्यासिकेत बसून भाषांतराचं काम करते. लॅपटॉपच्या बटणांनी तिची बोटं दुखायची. तिने भाबडेपणाने विचारलं, "सर, पिशवीत मावेल आणि शेजारचे माझ्याकडे वळून बघणार नाहीत असा एखादा कीबोर्ड सांगा ना."

थॉकशेठने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "पासष्ट किंवा पंच्याहत्तर टक्के घे, बाण लागतातच. प्लॅस्टिकचा देह, सायलेंट लिनिअर स्विच, अर्धा-पाऊण किलो, वायर आणि ब्लूटूथ दोन्ही. स्विच उपसून बदलता येणारा असेल तर उत्तम. दुकानात आधी स्पेसबार दाबून बघ, तो खुळखुळला नाही तर बाकीचे गप्प बसतात. आणि खाली एक जाडसर कापड अंथर, टेबल वाजत नाही."

हे अक्षर न् अक्षर बरोबर होतं. या विषयावर याहून शहाणं, याहून नेमकं कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही. ती आभार मानून निघाली, तेवढ्यात तो म्हणाला, "पण..."

या 'पण'नंतर दोन चहा झाले. पीबीटी प्लॅस्टिकच्या कीकॅप की एबीएसच्या, कारण एबीएसवर बोटं फिरून तेलकट चकाकी येते. जपानी टॉप्रे स्विच, ज्यात रबरी घुमटाखाली शंकूच्या आकाराची स्प्रिंग असते आणि बटण तळाला न टेकता नोंद होते. ग्रुप बाय, म्हणजे वस्तू तयार होण्याआधी सगळ्यांनी मिळून पैसे भरायचे आणि वर्ष-दीड वर्ष वाट बघायची. लेकीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी भरलेल्या पैशांचा कीबोर्ड ती पहिली पास झाल्यावर आला, हे त्याने अभिमानाने सांगितलं. शेवटी म्हणाला, "थोडं थांबलीस तर बरं. पुढच्या तिमाहीत नवीन सायलेंट टॅक्टाइल येतायत." ती थांबली नाही. त्याच्या पहिल्या वाक्याबरहुकूम तिने संध्याकाळी कीबोर्ड घेतला आणि आता निवांत कामं उरकते आहे. स्वतःचा सल्ला न मानणारा एकटा थॉकशेठच.

मध्यंतरी त्याने मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. कीबोर्डाचा आवाज मोजायचा तर आधी पंखा बंद करायला हवा, मग फ्रिज, मग बायकोची मालिका. ऐन मे महिन्यात घामाघूम होऊन तो मोबाइल कीबोर्डाजवळ धरून बसायचा आणि आकडे वहीत उतरवायचा. घरच्यांनी आशा सोडली होती. पण विद्या कधी उपयोगी पडेल ते सांगता येत नाही.

सोसायटीच्या मागे एक लॉन आहे, लग्नकार्याचं. मोसमात तिथे रोज डीजे. एका रात्री अकरा वाजून गेले तरी भांडी थरथरत होती. बाबा म्हणाले, "अर्ज देऊ. पोलीस ठाण्यात." थॉकशेठ ताडकन उठला, गच्चीत जाऊन मोजून आला आणि नियम घडाघडा बोलायला लागला: ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. बाबा आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले. त्याने लगोलग प्रस्ताव मांडला की, अर्जाला परिशिष्ट जोडावं, तासातासाचा आलेख काढावा आणि स्पीकरखाली फोम घातला तर खालचे सूर किती दबतील याचं एक टिपण द्यावं.

"आठ ओळी पुरे," बाबा म्हणाले. "सरक जरा."

साडेबाराला डीजे बंद झाला तेव्हा बाबा मुलाच्या कोऱ्या कीकॅपांच्या सायलेंट कीबोर्डापुढे बसले. अक्षरं छापलेली नव्हती, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. क्लासातसुद्धा मास्तर बटणांवर फडकं टाकून टाइप करायला लावायचे. टायपिंगच्या जुन्या मांडणीत, स्क्रीनवर नजर ठेवून, त्यांनी 'मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत अर्ज एका दमात उतरवला. दहा बोटं चालत होती आणि घरात कुणी कूस बदलली नाही. त्या कीबोर्डावर लिहिला गेलेला हा पहिला पूर्ण मजकूर.

सकाळी बापलेक सहीसाठी सेक्रेटरींकडे गेले. काकांनी अर्ज दोनदा वाचला, सही केली, शिक्का मारला.

"झकास झालाय. टाइप कुठे करून घेतलात एवढ्या सकाळी?"

"घरीच केला, रात्री," बाबा म्हणाले. "एक वाजता."

"एक वाजता? भिंतीला लागून खोली आहे आमची. मी टक्क जागा होतो. छे हो, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

बाबा निघाले. थॉकशेठ तिथेच उभा राहिला. त्याने पोटावरची सॅक उघडली, कीबोर्ड काढून काकांच्या टेबलावर ठेवला, खाली जाडसर कापड अंथरलं आणि अत्यंत अदबीने म्हणाला,

"काका, तेवढं सोसायटीच्या लेटरहेडवर देता का?"